साडेतीनला जाणारं फोल्डर

१. चोरी, पण रोजची

ऐश्वर्याच्या लग्नाचे चार हजार सहाशे फोटो रोज दुपारी साडेतीनला बेपत्ता व्हायचे आणि चारच्या पुढेमागे सुखरूप परत यायचे. असं दोन महिने चाललेलं. चोराच्या बाजूने विचार केला तर हा फारच दमवणारा धंदा आहे. माणूस एकदा चोरतो आणि पळतो. रोज चोरून रोज परत आणून ठेवायचं म्हणजे नोकरीच झाली.

मला हे कळलं ते ऋतिकाच्या फोनवरून.

"साई, आत्ताच्या आत्ता कळव्याला ये. मला चोर ठरवलंय."

"काय चोरलंस?"

"काहीच नाही रे! फोटो."

"मग फोटो कुठे आहेत?"

"इथेच आहेत."

"कुणाकडे?"

"माझ्याकडेच. समोर बघत्येय मी त्यांच्याकडे."

इथपासून माझा जो गोंधळ उडाला तो संध्याकाळी साडेसहापर्यंत खाली उतरला नाही.

मी साईनाथ. डोंबिवली पूर्वेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर 'डेटा रिकव्हरी, सीसीटीव्ही, नेटवर्किंग, पॅनकार्ड' असं लिहिलंय. 'गुप्तहेर' लिहायचं राहिलं, कारण पॅनकार्डनंतर पाटी संपली. ऋतिका माझ्या शाळेतली. आता ती कळव्याला परशुरामशेठच्या 'मारुती डिजिटल फोटो स्टुडिओ'त लग्नाचे अल्बम डिझाइन करते. ऐश्वर्या ही परशुरामशेठची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर गेली. अल्बम अजून पहिल्या पानावर होता.

स्टुडिओत कॉम्प्युटर दोन. एक पुढे काउंटरवर, गिऱ्हाइकाला फोटो दाखवायला. दुसरा आतल्या खोलीत, ऋतिकाचा. मध्ये बारा पावलांचा बोळ. फोटोंचं फोल्डर आतल्या कॉम्प्युटरवर राहतं, आणि शेअर केलेलं असल्याने पुढच्यावरही उघडतं. उघडायला हवं. पण साडेतीनला पुढचा कॉम्प्युटर म्हणतो, असं कुठलंही फोल्डर नाही, असा कुठलाही दुसरा कॉम्प्युटर नाही, मी या जगात एकटा आहे. मग ऋतिका आतला कॉम्प्युटर बंद करून चालू करते आणि फोल्डर येतं.

"जिला आणता येतं, तिलाच नेता येतं," परशुरामशेठ मला म्हणाले. अंगठ्यांनी भरलेली बोटं, पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. "सरळ हिशेब आहे."

"पण शेठ, नेऊन करते काय?"

"दाखवते."

"कुणाला?"

ते बोळाच्या टोकाच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीला कॅलेंडर होतं, त्यापलीकडे काही नव्हतं.

"गेल्या रविवारी खारीगावात एका हळदीला पोपटाची बायको, ती कलावती, चार बायकांत बसून म्हणाली की एका फोटोत आमच्या भावजींचे डोळे मिटलेत. लेकीच्या लग्नात उभ्या उभ्या झोपलेत. दोनशे बारा नंबरचा फोटो तो! मी हिला तेव्हाच सांगितलेलं, काढून टाक. घरच्यांनी बघितला नाय, जावयाने बघितला नाय. कलावतीने कुठून बघितला?"

पोपटशेठ म्हणजे परशुरामशेठचे सख्खे धाकटे भाऊ. तीन वर्षं बोलणं बंद. राहायला कुठे? त्या कॅलेंडरच्या पलीकडे.

परशुरामशेठनी मोबाइल माझ्यासमोर धरला. 'ठाणे-कल्याण फोटो परिवार' या चारशे बारा लोकांच्या ग्रुपवर पाठवायचा मेसेज लिहून तयार होता. 'सर्व स्टुडिओ बंधूंना कळविण्यात येते की ऋतिका नावाची डिझायनर गिऱ्हाइकांचे फोटो बाहेर देते. कामावर ठेवू नये.' खाली गुलाबाचं फूल.

"हे फूल कशाला?"

"माझ्या सगळ्या मेसेजला असतं." त्यांनी घड्याळ बघितलं. "सात वाजता पाठवतो. तोपर्यंत काय शोधायचं ते शोध."

एवढं सांगून ते नवरा-नवरीला बसवायच्या लाल मखमली सिंहासनावर आडवे झाले आणि घोरायला लागले. ऋतिका माझ्याकडे बघत होती. तिच्या बापाने कोकणातून येऊन डोंबिवलीत उभं आयुष्य नावाला जपण्यात घालवलेलं. हा मेसेज गेला तर ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत तिला कुणी माऊसला हात लावू दिला नसता.

"साई," ती म्हणाली, "तू काहीतरी शोधशील ना?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. काय शोधायचं हे मला माहीत नव्हतं. वस्तू हरवलेली नसताना शोधायची ही माझी पहिलीच वेळ.

२. तीन संशयित आणि एक सिंहासन

पहिला संशयित मयूर. फोटोग्राफर, राहणार कल्याण. खडवलीच्या नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून नवरा-नवरींचे फोटो काढतो. आतापर्यंत दोन लेन्स आणि एक नवरा पाण्यात पडलेत. नवरा सापडला.

"साडेतीनला तू कुठे असतोस?"

"चहाला. समोर."

"रोज साडेतीनलाच का?"

"साडेतीनला नेट जातं ना. दोन मिनिटं. मग बसून काय करणार?"

"रोज नेट जातं? आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर कुणीतरी दुरुस्त केलं असतं," मयूर शांतपणे म्हणाला. "चहा बंद झाला असता माझा."

"ऋतिकाच्या कॉम्प्युटरवर कधी बसतोस?"

"ती जेवायला गेली की. कॅमेऱ्याचं कार्ड खाली करायला."

"तेव्हा काही विचित्र दिसलं?"

त्याने आठवलं. "दोन महिन्यांपूर्वी एकदा स्क्रीनवर काहीतरी विचारलेलं. इतरांना दिसू द्यायचं का, असं. मी होय दाबलं."

"वाचलंस?"

"मी सगळ्याला होयच दाबतो. नाही म्हटलं की परत विचारतं."

मी वहीत लिहिलं: मयूर, भोळा किंवा फार मोठा गुन्हेगार.

दुसरी संशयित ऋतिका. ती माझी मैत्रीण असल्याने मी तिला एकच प्रश्न विचारला.

"तू केलंस का?"

"थोबाड फोडीन."

मी वहीत लिहिलं: नाही.

तिसरी व्यक्ती संशयित नव्हती, पण बोळातून जाता येता तिचं लुगडं माझ्या टूलबॅगला अडकत होतं म्हणून तिलाही धरलं. बायजाआजी. परशुरामशेठ आणि पोपटशेठ, दोघांची आई. वाटणीत घर कापलं, मिठागराच्या जागेचे तुकडे झाले, पितळेची पातेली मोजून लावली, पण आजीला कुणी कापू शकलं नाही. मग तिनेच ठरवून टाकलं. दुपारचं जेवण परशुरामाकडे, चारचा चहा पोपटाकडे. दोन्ही सुना तिला घाबरतात, म्हणून तीन वर्षं हे सुरळीत चाललंय.

"आजी, साडेतीनला इथे कोण येतं?"

"मी येतं," आजी म्हणाली. "मिक्सर लावाला. रांदपाघरानला बटन जललाय ना, गनपतीपासना. सुकटीची चटनी वाटतं. तुला आवडतं क सुकट?"

"आवडते."

"मंग चांगला हायस तू," आजीने निकाल दिला आणि निघून गेली.

मी वहीत लिहिलं: सुकट. का लिहिलं ते मला तेव्हा कळलं नाही. भूक लागलेली बहुतेक.

घड्याळात तीन सत्तावीस झाले होते.

३. माझ्या डोळ्यांदेखत

मी पुढच्या कॉम्प्युटरवर बसलो. स्क्रीनवर फोल्डर उघडं. चार हजार सहाशे ऐश्वर्या माझ्याकडे बघून हसत होत्या. आत ऋतिका तिच्या खुर्चीत हात वर करून बसलेली, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

साडेतीनला आजी मिक्सर घेऊन बोळात आली. "कानाव हात ठेव, पोरा," ती म्हणाली. मी एक हात कानावर आणि एक माऊसवर ठेवला. मिक्सर सूंऽऽ करून पाऊण मिनिट गायला. मयूर चहाला उठला. नेट गेलं. आजीने मिक्सर उचलून कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला, पदर सावरला आणि "पोपटाच्या घरा चालली" म्हणून मागच्या दाराने गेली. दोन मिनिटांत नेट आलं. स्टुडिओत मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारलेला, त्याचा वास तेवढा दरवळत होता. सगळं जसंच्या तसं.

फोल्डर गेलं होतं.

"ऋतिका! काय केलंस?"

"हात वर आहेत माझे!"

खरंच वर होते. मी बारा पावलं धावत आत गेलो. आतल्या कॉम्प्युटरवर फोटो तसेच. बारा पावलं धावत बाहेर आलो. नाहीत. आत आहेत. बाहेर नाहीत. सहा फेऱ्यांनंतर मला धाप लागली, पण फोटोंच्या म्हणण्यात फरक पडला नाही.

मग मी शास्त्रशुद्ध गोंधळ सुरू केला. फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरची सुरक्षेची भिंत, बंद केली. काही नाही. परत चालू केली. काही नाही. फोल्डर नव्याने शेअर केलं, परवानग्या तपासल्या, पुढच्या कॉम्प्युटरवरून आतल्याला हाका मारल्या. उत्तर नाही. बरं, नेट बंद म्हणावं तर दोन्हीकडे जोरात चालू. पुढच्याची वायर थेट राउटरला. आतला वाय-फायवर, आणि तिथे नाव स्वच्छ दिसत होतं: आई एकवीरा. हेच इथल्या वाय-फायचं नाव. मयूरच्या मोबाइलवरही तेच.

नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरला एकेक नंबर असतो. एका घरातल्या भावंडांचं आडनाव एक असतं तसे एकाच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरचे सुरुवातीचे आकडे सारखे असतात. मी दोघांचे आकडे बघितले.

आडनावं वेगळी होती.

"ऋतिका," मी म्हणालो, "हे दोघं एका घरातले नाहीत."

"मध्ये बारा पावलं आहेत, साई."

"मला माहित्येय. मोजलीयेत मी."

मी आतल्या कॉम्प्युटरवर आजूबाजूला कोण कोण आहे त्याची यादी उघडली. पुढचा कॉम्प्युटर तिच्यात नव्हताच. एकच नाव होतं. 'हॉल टीव्ही'.

स्टुडिओत टीव्ही एक. काउंटरवर, रस्त्यावरून जाणाऱ्यांना लग्नाचे फोटो दाखवणारा. त्याचं नाव 'दुकान'. आणि त्या क्षणी तो बंद होता.

४. दोनशे बारा

"हॉल टीव्ही कुणाचा?"

"आपल्याकडे हॉलच नाहीये," ऋतिका म्हणाली.

कॉम्प्युटरवरचा फोटो टीव्हीवर पाठवता येतो. टीव्ही कुठे आहे ते माहीत नसलं तरी पाठवता येतो, ही त्यातली गंमत. मी दोनशे बारा नंबर उघडला. परशुरामशेठ मांडवात उभे, फेटा बांधलेला, डोळे मिटलेले. मी तो 'हॉल टीव्ही'कडे पाठवला आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

भिंत बोलली.

"अहोऽऽ! आज आपोआप लागला! भावजी आले बघा!"

बाईचा आवाज, कॅलेंडरच्या पलीकडून. पाठोपाठ चमचा बशीत पडल्याचा आवाज.

आणि अलीकडे, सिंहासनावर परशुरामशेठ ताडकन उठून बसले. तीन वर्षं न ऐकलेला आवाज माणूस झोपेतही ओळखतो.

"कलावती?" ते म्हणाले. "तिच्याकडे मी कसा काय आलो?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग सिंहासनाच्या रंगाचा झाला.

"म्हणजे माझं नेट पोपट वापरतो!"

"नाही शेठ. उलट आहे. तुमचा कॉम्प्युटर त्यांचं नेट वापरतोय."

"म्हणजे हिने त्यांचा पासवर्ड घेतला! त्यांच्याशी हातमिळवणी!" त्यांनी मोबाइल काढला. मेसेज उघडा होता. अंगठा हवेत. "सातपर्यंत कशाला थांबू?"

ऋतिका उभी राहिली. "पाठवा," ती म्हणाली. जागची हलली नाही. "मी काही केलेलं नाही. पाठवा तुम्ही."

"एक फोन," मी म्हणालो. "एकच. मग दाबा."

५. आईची वाटणी

गल्लीत नेटची वायर टाकणारा काळुराम. मी स्पीकरवर लावला.

"काळूदादा, पोपटशेठच्या वाय-फायचं नाव काय?"

"आई एकवीरा," काळुराम म्हणाला.

"ते परशुरामशेठचं झालं. पोपटशेठचं?"

"तेच. दोघांचं तेच."

"आणि पासवर्ड?"

"तोच की." काळुरामने मोठा श्वास सोडला. "भाऊ, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय सांगू. आधी घर एक होतं तेव्हा राउटर एक. मध्ये भिंत घातली, दुसरा राउटर लावायला मला बोलावलं. मी म्हटलं, एकाने नाव बदला. परशुरामशेठ म्हणाले, आई माझी, मी का बदलू? पोपटशेठ म्हणाले, आई काय त्याची एकट्याची? पासवर्ड म्हणजे त्यांच्या बाबांचं नाव आणि बाबांच्या होडीचा नंबर. तो पण कोण सोडेना. दोन तास उभा होतो मी शिडीवर. शेवटी दोघांना तेच नाव दिलं, तोच पासवर्ड दिला आणि घरी जाऊन जेवलो."

परशुरामशेठचा अंगठा अजून हवेत होता, पण वाकला होता.

"शेठ, आतला कॉम्प्युटर काही माणूस नाही," मी म्हणालो. "त्याला घराचं नाव माहीत आहे आणि किल्ली माहीत आहे. तुमचा राउटर बंद पडला की तो शोधतो, आई एकवीरा कुठे आहे? भिंतीपलीकडे आहे. किल्ली लागते. आत जाऊन बसतो. तुमचा राउटर परत चालू झाला तरी तो येत नाही, कारण त्याच्या मते तो घरातच आहे. पुढचा कॉम्प्युटर वायरीला बांधलेला, तो तुमच्याकडेच राहतो. म्हणून दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ऋतिका बंद-चालू करते तेव्हा तो जवळचं घर धरतो, म्हणजे तुमचं. आणि पलीकडे गेल्यावर मयूरने एकदा 'होय' दाबलेलं असल्यामुळे तिथला टीव्ही त्याचे फोटो बघू शकतो."

"मला कसलंच क्रेडिट मिळत नाही कधी," दारातून मयूर म्हणाला.

"पण माझा राउटर बंद कशाला पडतो?" परशुरामशेठनी विचारलं. "रोज साडेतीनला?"

मी बोळात गेलो. राउटरच्या मागे एकच सॉकेट होतं, आणि त्याच्या बरोबर खाली फळीवर मिक्सर.

"मिक्सर लावायला आजी राउटरची पिन काढतात," मी म्हणालो. "स्वयंपाकघरातलं बटण जळलंय म्हणून."

आधी कुणीच हसलं नाही. मग परशुरामशेठचं पोट हलायला लागलं. "सुकटीपायी!" ते म्हणाले. "आयच्या सुकटीपायी दोन महिने!" मयूर हसला, ऋतिका हसता हसता रडली आणि मग नुसती रडली. परशुरामशेठनी मोबाइल खिशात घातला. मेसेज तसाच ठेवून, पण घातला.

प्रकरण मिटलं होतं. सव्वापाच झालेले. मी सामान आवरायला घेतलं, आणि मदत म्हणून मिक्सरचं भांडं धुवायला ठेवावं म्हणून उचललं.

ते कोरडं ठणठणीत होतं.

६. वास

मी भांड्यात नाक घातलं. काही नाही. झाकण हुंगलं. काही नाही. ज्याने कळव्यात कधी सुकट वाटताना ऐकली नाही त्यालाही ती नाकाने ऐकू येते. खोली सोडा, गल्लीला कळतं आज कुणाकडे काय आहे. आणि साडेतीनला माझ्या नाकाशी फक्त मोगरा होता. शिवाय तो आवाज. माझी आई चटणी वाटते तेव्हा मिक्सर कण्हतो. आजीचा मिक्सर गात होता. रिकाम्या भांड्यासारखा.

मी स्वयंपाकघरात जाऊन तिथलं बटण दाबलं. पंखा फिरला. मोबाइलचा चार्जर लावला. चार्ज झाला.

"शेठ," मी म्हणालो, "माफ करा. अपघात नाही हा."

मागचं दार वाजलं. आजी चहा पिऊन आली होती. सगळे बोळात उभे, मध्ये मी भांडं घेऊन. आजीने भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सुकट आवडतं म्हनलास ना रं," ती म्हणाली. "चांगला वाटलावतास मना."

"आय, काय आहे हे?" परशुरामशेठ म्हणाले.

आजी सिंहासनावर जाऊन बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"बटन खरोकर जललावता," ती म्हणाली. "यकच दिस. मी ह्याची पिन काडली, मिक्सर लावला, सुकट वाटली. चारला पोपटाकडं चायला गेली त टीव्हीव 'मारुती डिजिटल' दिसला. कलावतीनी बटन दाबला, त आयशू! मांडवान बसलेली. पोपट बघतच रायला. चाय थंड झाली त्याची."

"मग?"

"मंग दुसरे दिसाला नाय आले फोटो. मी मनलं, काल काय केलावता मी? मिक्सर लावलावता. परत लावला. आले! मंग यकदा बिनसुकटचा लावून बघितला. बिनसुकटचा पन येतान." ती माझ्याकडे वळली. "मंग सुकट कनाला फुकट घालवाची?"

मी सहा वर्षं या धंद्यात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे मला अजून जमत नाही. मी एका दुपारी नऊ गोष्टी बदलल्या होत्या. आजीने सुकट वगळून प्रयोग केलेला.

"पण का, आय?" परशुरामशेठ म्हणाले.

"सख्खा चुलता हाय तो आयशूचा. लग्नाला नवता."

"मी पत्रिका पाठवली होती त्याला!"

"मोबाइलव पाठवलीस," आजी म्हणाली. "फूल लावून. चुलत्याला पत्रिका देवाला घरा जावा लागतं, नारल घेवाला लागतं. ती पीडीयेप घेवून कोन लग्नाला येल? हळदीचे दिसाला गच्चीव उबा रावून बँड आयकत व्हता. मी बघितला." ती थांबली. "मंग मी त्याला रोज पंद्रा मिनटां लग्नाला नेतं. आजून जेवनापरत नाय पोचला. फोटो लय काडलंस तुमी."

परशुरामशेठ कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या खिशात मोबाइल होता, मोबाइलमध्ये मेसेज होता, आणि त्या मेसेजमध्ये जी चोर होती ती सिंहासनावर बसलेल्या बाईसाठी पाणी आणायला गेली होती.

"साईनाथ," ते वळून म्हणाले. "दुरुस्त कर."

"पाच मिनिटांचं काम आहे शेठ. तुमच्या वाय-फायचं नाव बदलतो. फोल्डर परत कधी जाणार नाही."

"आणि पोपटाचा टीव्ही?"

"त्याला काही दिसणार नाही."

आजी पाय हलवायची थांबली.

"दुसरं काही?" परशुरामशेठनी विचारलं.

"तुमच्या राउटरपासून त्यांच्या राउटरपर्यंत वायर टाकायची. थोडं सेटिंग. मग कॉम्प्युटर इकडे असो नाहीतर तिकडे, घर एकच. फोल्डर दोन्हीकडे दिसेल."

"मग कर की!"

"भिंतीला भोक पाडावं लागेल."

सहाला दहा मिनिटं होती. परशुरामशेठ बोळाच्या टोकाला गेले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने कॅलेंडर काढलं.

७. भोक

काळुराम ड्रिल घेऊन आला. अलीकडे आम्ही, पलीकडे पोपटशेठचं घर, मध्ये नऊ इंची भिंत आणि काळुराम. तो दोन्ही दारांनी पळत होता.

"काळू, त्याला सांग, टीव्ही सरकव," परशुरामशेठ म्हणाले.

"काळू, त्याला सांग, सरकवलाय कधीचा," भिंत म्हणाली.

"काळू, त्याला सांग, धूळ उडेल."

"काळू, त्याला सांग, मला काय समजत नाय का?"

"दोघंजन गप बसा," आजी म्हणाली, आणि दोन्ही बाजू गप्प झाल्या.

ड्रिल आरपार गेलं. बोटभर भोकातून उजेड आला. मी वायर आत सरकवली. ती मध्येच अडकली, आणि मग पलीकडून कुणीतरी धरून हळूच ओढून घेतली. सेटिंगला पंधरा मिनिटं लागली. पुढच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं. भिंतीपलीकडे टीव्हीवरही उघडलं असावं, कारण कलावतीकाकी "आले, आले" म्हणत होत्या.

परशुरामशेठनी मोबाइल काढला, फुलाच्या अलीकडे बोट ठेवून मेसेज खोडत गेले, आणि कुठेतरी अंगठा घसरला. सात वाजले होते. चारशे बारा जणांना फक्त गुलाबाचं फूल गेलं. दहा सेकंदांत पहिलं उत्तर आलं: 'अभिनंदन शेठ'. मग फुलांचा पाऊसच.

"घे," त्यांनी मोबाइल ऋतिकाला दाखवला. "मिटलं."

"फूल नको, शेठ," ऋतिका म्हणाली. "तोंडाने बोला."

मयूर छताकडे बघायला लागला. परशुरामशेठनी अंगठ्या फिरवल्या.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले.

तेवढ्यात भोकातून आवाज आला. जाडसर, पुरुषाचा.

"काळू. त्याला सांग, दोनशे बारा नंबर काढू नको."

काळुराम त्या वेळी आमच्या बाजूला चहा पीत होता. कुणाला सांगणार? परशुरामशेठ भिंतीजवळ गेले.

"का?" त्यांनी भोकात विचारलं. थेट.

पलीकडून खुर्ची भिंतीजवळ ओढल्याचा आवाज आला.

"कलावती बोलते झोपलायस. झोपलेला नायस तू. बाबांना नेलं तेव्हा पण असाच उभा होतास. डोळे मिटून. मी बाजूलाच होतो."

परशुरामशेठनी कपाळ भिंतीला टेकवलं. मग न वळताच म्हणाले, "ऋतिका, दोनशे बारा मोठा कर. पूर्ण पान."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी दुकानात घड्याळ बघत बसलेलो. ऋतिकाचा फोन आला.

"फोल्डर गेलं?" मी विचारलं.

"नाही. पण मिक्सर लागला."

"परत रिकामा?"

"नाही रे. भरलेला. पहिल्या दोन पानांचे प्रिंट आलेत, त्यांना सुकटीचा वास येतोय. शेठ सकाळी नारळ घेऊन त्यांच्याकडे गेलेले, आणि आता पोपटशेठ जेवायला येतायत."

"भोकातून?"

"दारातून," ऋतिका म्हणाली. "पण आधी भोकातून विचारलं, भाकऱ्या किती टाकल्यात."